शेवटच्या रिळाआधी

“बघ, खाली बघते का एकदा तरी?” आईनं अंधारात माझ्या मांडीवर चापट मारली. “एवढा घोळदार झगा, एवढ्या पायऱ्या, आणि नजर कुठं आहे बघ.”

पडद्यावर बार्बरा स्टॅनविक जिना उतरत होती. खाली काळ्या कोटातले चारपाच पुरुष तिची वाट बघत उभे होते आणि ती त्यांच्यापैकी कुणाकडेच बघत नव्हती. पायऱ्यांकडे तर नाहीच नाही.

“शरयू, चूप बेस नी,” पलीकडून दिनामावशी, आमची पारशी शेजारीण, म्हणाली. “मला काय आयकू येत नाय.”

“तुला ऐकून काय करायचंय? मला विचार, मी सांगते.”

पुढच्या रांगेतल्या सुभेदारांनी मागं वळून पाहिलं आणि आईला ओळखून पुन्हा पुढं तोंड केलं.

देवळाली कँपातलं ते थिएटर गोऱ्या शिपायांसाठी बांधलेलं. एरवी तिथं हिंदी सिनेमे लागत. पण महिन्यातून एका रविवारी सकाळी, एका निवृत्त कर्नलसाहेबांच्या हौसेखातर, जुना इंग्रजी सिनेमा दाखवत. प्रिंटवर पाऊस पडत असायचा, मधूनच रीळ तुटायचं, खुर्च्यांत ढेकूण. आईनं एकही रविवार चुकवला नव्हता. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, नुकतीच निवृत्त झाली होती. ‘होल्ड द लाइन’ ती अशा रुबाबात म्हणायची की पलीकडचे ब्रिगेडियर मुकाट्यानं थांबून राहत. पण सिनेमातलं भराभर बोलणं तिला निम्मंही कळत नसे आणि त्यावाचून तिचं काही अडतही नसे.

“मी गोष्ट बघायला येत नाही,” ती म्हणायची. “मी बायका बघायला येते.”

तिच्या बायका ठरलेल्या होत्या. ओसरीवरून स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळात तिनं त्यांच्या तसबिरी लावल्या होत्या. मासिकांतून कापून, कँपातल्या फ्रेमवाल्याकडून काचा बसवून घेतलेल्या. इन्ग्रिड बर्गमन, बेटी डेव्हिस, कॅथरिन हेपबर्न, ग्रेटा गार्बो, एव्हा गार्डनर आणि ही स्टॅनविक. नाशिकचे आमचे नातेवाईक त्या बोळाला ‘मडमांचं देऊळ’ म्हणत. आईला ते कळलं तेव्हा ती म्हणाली, “मग येताना चपला बाहेर काढा म्हणावं.”

पडद्यावर आता स्टॅनविकनं बॅग भरली होती. घराचं दार उघडून ती बाहेर पडली, दार लावलं आणि पावसात चालू लागली. इकडे नायकाला उशिरानं अक्कल येऊन तो मोटारीच्या किल्ल्या शोधत होता.

“ऊठ,” आई म्हणाली.

“अगं, संपला नाही अजून.”

“संपला. आता काही राहिलं नाही.”

ही तिची नेहमीची रीत. दिनामावशी शेवटपर्यंत बसायची, आई शेवटाच्या आधी उठायची. दिनामावशी बाहेर आल्यावर पुढं काय झालं ते सांगायची नाही आणि आई विचारायची नाही. गर्दीच्या आत बाहेर पडायला बरं, असं तिचं गणित असावं, एवढंच मी धरून चालले होते.

थिएटरच्या जिन्याशी आल्यावर आई थांबली. पाठ सरळ केली. नऊवारीतली बाई नव्हती ती, साधी पाचवारी कॉटनची साडी होती. पण दोन बोटांनी निऱ्या किंचित उचलून, समोरच्या गुलमोहराकडे बघत ती अख्खा जिना उतरली. दुखरा गुडघा घेऊन. खाली चणेवाला बसला होता, तो अदबीनं उभाच राहिला.

नंतर तिघी बेकरीत बसलो. मावा केक आणि चहा, हेही ठरलेलं.

“एक दिवस पडशे तू,” दिनामावशी म्हणाली. “मग तुझी स्टॅनविक येणार नाय तुला उचलायला.”

“बेटी डेव्हिस येईल. ती शिव्या देत उचलेल, पण उचलेल.”

“ती? ती तर दिसायला पण काय नाय.”

“नसेना का. ती खोलीत आली ना, की माणसं आपोआप नीट बसतात. तिचे डोळे मला असते तर आमच्या पोस्टमास्तरला मी नुसतं बघून घालवला असता.”

“तुला जीभ होती नी. बिचारा तिच्यानीच गेला.” दिनामावशीनं केकचा तुकडा बशीत बुडवला. “माझी आपली इन्ग्रिड. देवी हाय, देवी.”

“रडते फार. सुंदर रडते म्हणून माफ.”

“आणि ऑड्री?” मी विचारलं.

“गोड पोर आहे. दोन महिने माझ्याकडे ठेवा, अंगावर जरा मांस येईल.” आईनं चहाचा घोट घेतला. “पण खरी ती कॅथरिन. पँट घालते, खिशात हात घालून उभी राहते. कुंदे, खिशात हात घातलेल्या बाईला कुणी पाणी आण म्हणत नाही. पाहिलंयस कधी?”

मी हसले. बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं हसले असेन, कारण आई माझ्याकडे बघतच राहिली.

घरी जाताना, दिनामावशी तिच्या बंगलीकडे वळल्यावर, तिनं विचारलं, “तुझी रजा कधी संपते गं?”

मी दिवाळीनंतर आले होते. प्रबंध लिहायला कॉलेजातून रजा घेतलीय, असं सगळ्यांना सांगितलं होतं. खरं म्हणजे मी श्रीनिवासला सोडून आले होते. त्यानं कधी हात उगारला नाही. लोक ते आधी विचारतात, आणि ‘नाही’ म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर ‘मग?’ येतं. तो माझ्याऐवजी बोलायचा, एवढंच. कुणाकडे गेलं की ‘कुंदा चहा घेत नाही.’ ‘कुंदाला गर्दी सोसत नाही.’ ‘कुंदा आता शिकवणं सोडणार आहे.’ चहा मला आवडतो. शिकवण्यावाचून मला दुसरं काही येत नाही. आठ वर्षं मी शेजारच्या खुर्चीवर बसून माझ्याविषयीची माहिती ऐकत होते. एका सकाळी नागपूरच्या त्या घरात मला कळेना, की मला भूक लागलीय की नाही. त्या दिवशी मी निघाले.

“बघू,” मी आईला म्हटलं.

“बरं.” चार पावलं गेल्यावर ती म्हणाली, “संपली तरी घाई नाही काही. हळद यंदा मी जास्तच दळून आणलीय.”

त्याच वेळी सांगायला हवं होतं असं नाही. पण ओठांवर आलं होतं. तेवढ्यात फाटकाशी पेपरवाला भेटला, आईनं त्याला गेल्या आठवड्याच्या पुरवणीवरून धारेवर धरलं, आणि मी ठरवलं, उद्या सांगू. उद्याही घरात दोघीच असणार होतो.

सोमवारी सकाळी आम्ही अंगणात चादर पिळत होतो. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. ती म्हणत होती, “उलटा पीळ दे गं, किती वर्षं सांगायचं.” मी उलटा पीळ दिला. तिच्याकडचा पीळ एकदम सुटला.

डॉक्टर येईपर्यंत काही उरलं नव्हतं.

*

भाऊकाका दुपारच्या आत नाशिकहून आले. बाबांचे थोरले भाऊ; वकिली केलेली, आवाज कमावलेला. माणूस वाईट नव्हे. बाबा गेल्यावर माझ्या शाळेच्या दाखल्यांपासून सगळं त्यांनी धावपळ करून केलं होतं. त्यांचा मुलगा पद्माकर यानं अग्नी दिला. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “मी तुझ्या बापाच्या जागी आहे.” आणि त्या क्षणापासून ते घर चालवू लागले.

तिसऱ्या दिवशी मी आंघोळ करून आले तर बोळातल्या भिंतीवर नुसते खिळे होते.

“लोक भेटायला येतात,” काका म्हणाले. “सुतकाचं घर आहे. ह्या उघड्या दंडांच्या बायका बरं दिसत नाही, कुंदा.”

“कुठं ठेवल्यात?”

“माळ्यावर.”

मी स्टूल घेतलं, तसबिरी खाली काढल्या, पुसल्या आणि एकेक करून लावल्या. काका बघत होते.  दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा माळ्यावर गेल्या. मी पुन्हा लावल्या. तिसऱ्या खेपेला पद्माकरच म्हणाला, “बाबा, राहू द्या ना. काकूच्या आहेत.” तेव्हा काकांनी हात टेकले.

दुपारी त्यांच्या विहीणबाई भेटायला आल्या. बोळात थबकून म्हणाल्या, “ह्या कोण हो? तुमच्या नात्यातल्या?”

दिनामावशी डबा घेऊन आली होती. सुतकातल्या घरात चूल नको म्हणून रोज तीच आणायची. “माझ्या मावसबेनी,” ती म्हणाली. “फॉरेनला असते.”

“अगबाई. आणि सगळ्या आहेत ना?”

“ही एक गेली.” दिनामावशीनं इन्ग्रिडकडे बोट दाखवलं. “बाकीच्या बध्ध्या जिवंत हाय, टणाटण.”

विहीणबाईंनी इन्ग्रिड बर्गमनला हात जोडले. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर लावला. आई असती तर हा प्रसंग तिनं वर्षभर पुरवला असता. मग आठवलं की म्हणून तर विहीणबाई आल्या होत्या.

नवव्या दिवशी श्रीनिवास आला. काकांनी त्याला ट्रंककॉल केला होता, मला न विचारता. तो ओसरीवर टेकला, रुमालानं चष्मा पुसला, “फार वाईट झालं,” म्हणाला. ते त्याला खरंच वाटत असणार. दिनामावशीनं थर्मास उघडून कपात चहा ओतला आणि एक कप माझ्यापुढे धरला.

“ती चहा घेत नाही,” श्रीनिवास म्हणाला.

दिनामावशीचा हात तसाच राहिला. तिनं माझ्याकडे पाहिलं. गेले चार महिने रोज संध्याकाळी तिच्या व्हरांड्यात दोन-दोन कप चहा पिणारी मी. मी तो कप घेतला, प्यायले आणि रिकामा कप पुढं केला. तिनं तो पुन्हा भरला. तोही प्यायले. श्रीनिवास हसून काकांना म्हणाला, “प्रवासाचा शीण असेल.” प्रवास त्याचा झाला होता.

तो आंघोळीला गेल्यावर काकांनी मला समोर बसवलं.

“मला सगळं कळलंय,” ते म्हणाले. “श्रीनिवासराव बोलले. त्यांच्या मनात काही नाही. तुझा हट्ट आहे. मी रागावत नाही तुला. पण वहिनीचा जीव तुझ्यात अडकला असणार, एवढं ध्यानात घे. उद्या दहावा. कावळा शिवायचा नाही.”

“तुम्हाला आधीच कसं कळलं?”

“कारण मी हे एकदा पाहिलंय.” त्यांनी आवाज खाली आणला. “तुला कुणी सांगितलं नसेल. तुझी आईही एकदा रुसून माहेरी आली होती. ह्याच घरात. तू तीनेक वर्षांची असशील. त्यात तुझी आजी गेली. दहाव्याला नाशकात घाटावर आम्ही सगळे. कावळे झाडावर बसलेत, पिंडाकडे एक फिरकेना. ऊन चढायला लागलं. काय काय शब्द दिले लोकांनी. शेवटी तुझा मामा पुढं झाला आणि म्हणाला, ‘आई, शरयूला मी सासरी पोचवतो.’ वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा शिवला. ह्या डोळ्यांनी पाहिलंय मी. दुसऱ्याच दिवशी वहिनी परत आली. पुढं अकरा वर्षं, तुझा बाप जाईपर्यंत, सोन्यासारखा संसार केला तिनं.”

बाबा जेवायला बसले की घरात कुणी बोलत नसे. आमटीचा डाव पातेल्याला लागून वाजला तरी आई थांबून राही. ती अकरा वर्षं मला आठवत होती; बाबा गेल्यावर आई मला घेऊन पुन्हा ह्या माहेरच्या घरी आली, तेही. त्यांच्या आधीचं ते माहेरपण नव्हतं आठवत.

“उद्या श्रीनिवासराव शब्द देतील,” काका म्हणाले. “तू नुसते हात जोडायचे. तिलाही शांती, तुलाही मार्ग. घाटावर दिलेला शब्द मोडत नाहीत, कुंदा. कुणीच मोडलेला नाही.”

मी उठून चपला घातल्या आणि दिनामावशीकडे गेले. ती व्हरांड्यात मटार सोलत होती.

“आई रुसून आली होती?” मी विचारलं.

तिनं चाळणी बाजूला ठेवली. “कोण बोलला?”

“काका.”

“रुसून!” ती जवळजवळ ओरडलीच. “रुसून येते ती चार दिवसांनी जाते. ती तुला कडेवर घेऊन, टांग्यात ट्रंक टाकून आली. मी इथेच उभी होती. मला बोलली, दिना, आता जायचा नाय. एक्स्चेंजमध्ये अर्ज पण टाकला तिनं तेव्हा. मग ती आजी गेली नी तो तुमचा कावळा आला.”

“ती काहीच बोलली नाही? घाटावर?”

“बायकांना कोण विचारते? ती घरीच होती. मामा येऊन बोलला, शब्द दिला, चल. ट्रंक भरताना मी विचारला, शरयू, तू पण मानते हे? ती बोलली, कावळा भुकेला होता, दिना. ऊन किती झालं होतं. कावळा भुकेला होता.” मावशीनं चष्मा काढला. “पण गेली. तिच्या आईच्या नावानं शब्द होता नी.”

रस्त्यानं लष्कराची एक गाडी गेली. मावशीनं चष्मा पुसून परत घातला.

“तुला काय वाटते, ती सिनेमातून उठून का जायची?” दिनामावशीनं एकदम विचारलं.

“गर्दी टाळायला.”

“कँपात कुठली गर्दी? तीस माणूस नी चाळीस ढेकूण.” तिनं नाक पुसलं. “डिकरी, शेवटच्या रिळात त्या सगळ्या परत येते. नायक धावतो, पावसात पकडतो, मिठी मारतो, नी बाई परत घरात. बेटी घे, एव्हा घे, दहातल्या नऊ. तुझी आई बोलायची, मला दारापर्यंत बघायचं. दार लावून निघाली की माझा सिनेमा संपला. पुढचा मला ठावूक हाय, तो मी केलेला हाय.”

मी मटाराची एक शेंग हातात घेतली होती. ती सोलायचं सुचलं नाही.

“तिला माझं कळलं होतं?”

“तू सांगितला तिला?”

“नाही.”

“मग ती पण नाय बोलणार. तुम्ही दोघी माय-लेकी, तोंडात कुलूप.” ती पुन्हा मटार सोलायला लागली. “उद्या मी पण येते घाटावर.”

“बायका येत नाहीत आमच्यात.”

“मी तुमच्यात कुठे हाय?”

*

दहाव्याला मी साडी नेसून टॅक्सीजवळ उभी राहिले तेव्हा काका म्हणाले, “तुझं काय काम तिथं?”

“हात जोडायचेत ना.”

 मी आणि दिनामावशी मागच्या सीटवर बसलो. पुढं श्रीनिवास.

गोदावरीला पाणी बेताचं होतं. घाटावर तीनचार ठिकाणी दहावे चालले होते. पद्माकरनं सगळे विधी नीट केले, गुरुजी सांगतील तसे. पिंड मांडून झाले, त्यावर दूध, दही, एका बाजूला आईला आवडायचा म्हणून मावा केकचा तुकडा. तो मी नेला होता, गुरुजींनी आधी भुवई उंचावली, मग ठेवू दिला. सगळे मागं सरले.

कावळे पुष्कळ होते. पलीकडच्या देवळाच्या शिखरावर बसून काव काव करत होते. शेजारच्या पिंडांवर उतरत होते, झगडत होते. आमच्याकडे येत नव्हते.

“काकू,” पद्माकर म्हणाला, “घर विकू देणार नाही कुणाला. आंब्याला पाणी घालीन मी.”

एक कावळा उडाला आणि दुसऱ्या कठड्यावर बसला.

“शरयू,” दिनामावशी म्हणाली, “तुझ्या मांजरीला मी मच्छी देते रोज. जाडी झाली.”

गुरुजींना हसू आवरेना. उन्हाचा चटका बसायला लागला होता. फरशीवर उघडे पाय ठरत नव्हते. शेजारची मंडळी आवरून निघाली, जाताना आमच्याकडे वळून वळून बघत होती. कुणाचा कावळा अडला की घाटावर सगळ्यांना कळतं.

“दर्भाचा कावळा करता येईल,” गुरुजी हलक्या आवाजात म्हणाले. “शास्त्राला मान्य आहे.”

“थांबा, गुरुजी.” काकांनी हात वर केला. “श्रीनिवासराव.”

श्रीनिवास पुढं झाला. त्यानं सोवळं नीट केलं, हात जोडले. त्याचा आवाज चांगला होता, मऊ, समजूतदार. “आई,” तो म्हणाला, “कुंदाची काळजी करू नका. तिचंही मन आता परत यायचं झालंय. तिला मी घेऊन जातो.”

शिखरावरचा एक कावळा उठला. घाटाच्या पायरीवर उतरला. मान वाकडी करून त्यानं पिंडाकडे पाहिलं आणि एक उडी पुढं आला.

“बघ!” काका कुजबुजले. त्यांचे डोळे भरून आले होते. ते खरंच भरले होते. “बघ, कुंदा, वहिनी आली. हात जोड. तूही म्हण.”

सगळ्यांनी हात जोडले. पद्माकरनंसुद्धा. कावळा आणखी एक उडी पुढं आला. आता तो आणि पिंड यांच्यात हातभर फरशी होती. तो शिवला असता तर पुढं मी काहीही बोलले असते तरी ते आईच्या विरुद्ध ठरलं असतं. सगळ्या घाटानं पाहिलं असतं. जन्मभर मला तेच सांगितलं गेलं असतं, जसं तिला.

मी चालत गेले आणि कावळ्याच्या व पिंडाच्या मधे उभी राहिले.

कावळा फडफडत उडाला. लांब, पार पुलाच्या दिशेनं.

“कुंदा!” काकांचा आवाज फाटला. “अगं, काय केलंस हे? आईच्या दहाव्याला? बाजूला हो!”

“तिची मनःस्थिती ठीक नाही,” श्रीनिवास गुरुजींना म्हणाला.

“आहे,” मी म्हटलं.

दिनामावशी मागून पुढं आली. माझ्या शेजारी उभी राहिली, छत्री टेकून. पद्माकरनं जोडलेले हात खाली घेतले. पुढचं काय करावं ते कुणाला सुचत नव्हतं, कारण असं तिथं कधी कुणी केलेलं नव्हतं.

ह्या गोष्टीला आता तीस वर्षं होऊन गेली. काका पुढं माझ्याशी दोन वर्षं बोलले नाहीत आणि मग एका भाऊबीजेला पद्माकरबरोबर आले. ते सगळं नंतरचं. त्या वेळी मला एवढंच कळत होतं की पायाखालची फरशी भाजते आहे आणि इथून हलायचं नाही. मी त्या सगळ्यांकडे पाठ केली. पिंडाकडे तोंड करून उभी राहिले. नदीवरून कपडे आपटल्याचा आवाज येत होता, त्याच्यावर जाईल एवढ्या मोठ्यानं मी बोलले. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचवायची मला सवय होती.

“आई, मी श्रीनिवासला सोडून आलेय. रजा नव्हतीच. दिवाळीनंतर आले ती कायमची आले. रविवारी तू विचारलंस तेव्हा मी ‘बघू’ म्हटलं. बघायचं काही उरलेलं नव्हतं, मी फक्त बोलले नाही. आता बोलते, ह्या सगळ्यांच्या देखत. माझ्या वतीनं इथं कुणी शब्द द्यायचा नाही. मी परत जाणार नाही. कावळा शिवला तरी नाही, आणि नाही शिवला तरी नाही.”